औषधांच्या डब्यातील उरलेली गोळी

गेल्या ज्येष्ठातील गोष्ट. ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत होता आणि येथे दर्पण कॉलनीत आमच्या थोरल्या वहिनींनी निर्जला एकादशी धरली होती. (हे व्रत आपल्याकडील अनेक घरांनी इकडच्या शेजारातून उचलले आहे.) गुडघा ठणकत होता म्हणून चार दिवस त्या डायक्लोफेनॅकची गोळी घेत होत्या, ती दादांना पूर्वी कधी पाठीसाठी लिहून दिलेली. एकादशीलाही घेतली, रिकाम्या पोटी, घोटभर पाण्यासह. मी हटकले तेव्हा म्हणाल्या, “भावजी, दुखऱ्या गुडघ्याला का एकादशी असते?” त्यांना रक्तदाबाचे औषध चालू आहे, हे मात्र माझ्याही ध्यानात आले नाही. द्वादशीस शौच डांबरासारखे काळे झाले, लघवी मंदावली. आठवडाभर रुग्णालयात काढावा लागला.

असे का व्हावे? सांध्यात सूज व वेदना निर्माण करणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्येच जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ती द्रव्ये रोखतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखविले; १९८२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे गुडघा शमतो, पण त्याच वेळी पोट उघडे पडते. शरीरातील पाणी आटले असेल आणि जोडीला रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे असतील, तर मूत्रपिंडाचा आधारच सुटतो.

याच औषधाने गिधाडांचा संहार केला. ते टोचलेली गुरे मेल्यावर गिधाडे ती खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. २००४ मध्ये हे उघड झाले व २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी घातली. माणसांसाठी ते आजही उपयुक्त आहे, मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच.

पूर्वी जठरव्रण झालेला असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगावे. गर्भवतींनी विचारल्यावाचून घेऊच नये. जेवणानंतर, थोडक्यात थोडकी मात्रा, थोडक्यात थोडे दिवस. आणि एका वेदनाशामकावर त्याच जातीचे दुसरे कधीही नाही. नावे निराळी असली तरी आतील औषध पुष्कळदा एकच असते, म्हणून पाकिटावरील बारीक अक्षरे चष्मा लावून वाचावीत. काळे शौच, रक्ताची उलटी, पायांवर सूज किंवा छातीत दुखणे, यांपैकी काही दिसल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

वहिनी आता गुडघ्याचे व्यायाम करतात. हे लिहिता लिहिता आमच्या घरचा डबा उघडला. तशी तीन पाकिटे निघाली; एकाची मुदत २०२२ मध्येच संपलेली.