विश्लेषण : गिनी फाउल घरी शिजवल्यावर वातड का लागतो? दोष पक्ष्याचा की शिट्ट्यांचा?

चिकनचीच कृती घ्यायची, चिकनऐवजी गिनी फाउल टाकायचा आणि नेहमीइतक्याच शिट्ट्या करायच्या. घरोघरी होणारा हा प्रयोग बहुतेक वेळा फसतो. छातीच्या मांसाचा चोथा होतो, तंगडी दाताला दाद देत नाही आणि ‘यापेक्षा चिकन बरे’ असा निकाल लागतो. प्रत्यक्षात चूक पक्ष्याची नसते. ब्रॉयलरची सवय लागलेल्या स्वयंपाकघराला एक जुना प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो. पक्षी कोवळा आहे की जून?

गिनी फाउल नेमका कोणता पक्षी?

गिनी फाउल मूळचा आफ्रिकेचा. राखाडी अंगावर पांढरे ठिपके, बोडके डोके आणि त्यावर हाडासारखा कठीण तुरा ही त्याची ओळख. शास्त्रीय नाव न्यूमिडा मेलिअ‍ॅग्रिस. घाना, बुर्किना फासोसारख्या पश्चिम आफ्रिकी देशांत तो रोजच्या पाळण्यातला पक्षी आहे. फ्रान्समध्ये त्याला ‘पँताद’ म्हणतात, तर इटलीत ‘फाराओना’. या दोन्ही देशांत तो सणासुदीच्या ताटात मानाने येतो.

भारतात त्याला काही भागांत ‘चित्रा’ किंवा ‘टिटारी’ म्हणतात. उत्तर प्रदेशातील बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी हे त्याचे तीन वाण विकसित केले आहेत. महाराष्ट्रात शेतघरांवर, परसबागेत आणि काही लहान कुक्कुटपालकांकडे तो दिसतो. किडे-गोचिडी वेचून खातो आणि अनोळखी माणूस किंवा साप दिसला की गोंगाट करतो, म्हणूनही अनेक जण तो पाळतात. नर आणि मादी दिसायला जवळजवळ सारखेच असतात. फरक आवाजात कळतो. मादी दोन तुकड्यांची हाक देते, नराला ती जमत नाही. मांसाच्या दृष्टीने मात्र नर-मादीच्या भेदाला फारसा अर्थ नाही. महत्त्व वयाला.

ब्रॉयलरपेक्षा तो वेगळा कसा?

पहिला फरक वयाचा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत कापणीला येतो. या वयात तो खरे तर वाढलेले पिल्लूच असतो, म्हणून त्याचे मांस कशाही प्रकारे शिजवले तरी मऊ होते. गिनी फाउल सावकाश वाढतो. साधारण 12 आठवड्यांनंतर त्याचे वजन कापण्याजोगे होते. युरोपीय संघाच्या सेंद्रिय पालनाच्या नियमांत तर गिनी फाउल किमान 94 दिवसांचा असावा, अशी अट आहे.

दुसरा फरक हालचालीचा. ब्रॉयलर शेडमध्ये बसून वाढतो. मोकळा सोडलेला गिनी फाउल दिवसभर चालतो, पळतो, संध्याकाळी झाडावर चढून बसतो. वापरात असलेल्या स्नायूंचा रंग गडद आणि चव दाट असते, पण ते शिजायला वेळ घेतात.

तिसरा फरक चरबीचा. अमेरिकी कृषी विभागाच्या पोषण तक्त्यांनुसार कातडीसह कच्च्या चिकनमध्ये 100 ग्रॅममागे सुमारे 15 ग्रॅम चरबी असते, तर कातडीसह गिनी फाउलमध्ये साडेसहा ग्रॅमच्या आसपास. चिकन शिजताना स्वतःचे तेल सोडते, त्यामुळे थोडे जास्त शिजले तरी निभावते. गिनी फाउल ही सवलत देत नाही.

मांस वातड होते म्हणजे काय होते?

मांस तापू लागले की स्नायूंतील प्रथिने आकसतात. साधारण 65 अंश सेल्सिअसच्या पुढे ही आकसण्याची क्रिया जोर धरते आणि पिळलेल्या ओल्या फडक्यातून पाणी गळावे तसा आतला रस बाहेर पडतो. छातीच्या मांसात चरबी आणि जोडऊती दोन्ही कमी असतात. त्यामुळे रस गेला की उरतो तो केवळ चोथा.

तंगडी आणि मांडीचे गणित उलटे आहे. तिथे कोलॅजन नावाचे चिवट प्रथिन भरपूर असते. त्याला ओलावा, उष्णता आणि वेळ मिळाला की ते विरघळून जिलेटिन होते. चांगल्या रश्श्याला ओठ चिकटतील असा जो दाटपणा येतो, तो याचाच. पक्ष्याचे वय वाढते तसे कोलॅजनचे धागे एकमेकांत अधिक घट्ट गुंततात आणि विरघळायला अधिक वेळ घेतात. म्हणजे एकाच पक्ष्यात छातीला कमी वेळ हवा आणि तंगडीला जास्त. सगळे तुकडे एकदम टाकून एकदम काढले, तर दोन्हींपैकी एक बिघडणारच.

कोवळा की जून, हे कसे ओळखावे?

गावाकडे कोंबडी घेताना ‘तलंग आहे का?’ असे विचारले जाते. अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी म्हणजे तलंग. शहरात हा प्रश्न हरवला, कारण दुकानातला प्रत्येक ब्रॉयलर एकाच वयाचा असतो. गिनी फाउल घेताना तो पुन्हा विचारावा लागतो.

कोवळ्या पक्ष्याच्या छातीच्या हाडाचे मागचे टोक बोटाने दाबले असता लवते. जून पक्ष्याचे ते कडक असते. कोवळ्याचा डोक्यावरचा तुरा आणि गालाखालचे लोंबते गलोल लहान, पायाचे खवले गुळगुळीत आणि नखे टोकदार असतात. जून पक्ष्याचा तुरा मोठा, पाय खरबरीत आणि नखे झिजलेली. पाळणाऱ्याकडूनच घेत असल्यास वय थेट विचारणे सर्वांत सोपे. ठिपकेवाल्या पक्ष्याची कातडी काळपट-निळसर दिसते. तो त्याचा नैसर्गिक रंग आहे. त्यावरून मांस खराब ठरवू नये.

शिट्ट्यांचा हिशेब का चुकतो?

शिट्टी हे वेळेचे माप नाही. कुकरच्या आत दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याची ती केवळ सूचना आहे. आच मोठी असेल, तर पाच शिट्ट्या सात-आठ मिनिटांत होतात. बारीक आचेवर त्यालाच अर्धा तास लागू शकतो. कुकरचा आकार, आतले पाणी आणि भरलेले मांस यांवरही शिट्ट्यांची संख्या अवलंबून असते. ब्रॉयलर कोवळाच असल्याने ही ढोबळ पद्धत खपून जाते. गिनी फाउलमध्ये ती उघडी पडते.

शिवाय कुकरमधले तापमान 120 अंशांच्या आसपास जाते. कोलॅजनसाठी ते वरदान, छातीसाठी शिक्षा. म्हणून कुकर वापरायचाच असेल, तर पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ लावावे आणि दाब आपोआप उतरू द्यावा. शिट्टी उचलून वाफ सोडली की दाब झपाट्याने पडतो, मांसातले पाणी उकळून बाहेर पडते आणि मऊ झालेला तुकडाही कोरडा होतो.

मग घरी शिजवावा कसा?

सुरुवात कापण्यानंतरच्या वेळेपासून होते. ‘आत्ता कापले, लगेच फोडणीला टाकले’ याला आपल्याकडे ताजेपणाचा मान आहे. मात्र कापल्यानंतर काही तास स्नायू ताठरलेले असतात. ते सैल होण्याआधी शिजवलेले मांस चिवट राहते. साफ केलेला पक्षी रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक दुर्लक्षित उपाय आहे. ठेवतानाच एक किलो मांसाला दोन लहान चमचे मीठ आणि हळद चोळावी. मीठ आत मुरते आणि शिजताना रस धरून ठेवायला मदत करते. पुढे रश्श्यात तेवढे मीठ कमी घालावे. कच्च्या पपईवर मात्र भिस्त ठेवू नये. तिचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागावर होतो. जास्त वेळ लावली तर वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो.

पक्षी कोवळा असेल, तर छाती वेगळी काढून ठेवावी. मांड्या, तंगड्या, पंख आणि पाठीचे तुकडे कांदा, आले-लसणावर परतून, बुडतील इतके गरम पाणी घालून जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून बारीक आचेवर शिजवावेत. साधारण 40 मिनिटांनी भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण घालावे आणि त्यानंतरच छातीचे तुकडे सोडावेत. पुढची 12 ते 15 मिनिटे रस्सा फक्त हलका उकळत राहिला पाहिजे, खळखळून नाही. पक्षी स्वतःचे तेल फारसे सोडत नसल्याने तर्री येत नाही. ती कमतरता फोडणीत थोडे जास्त तेल घालून किंवा शेवटी नारळाचे दूध घालून भरून काढावी.

पक्षी जून असेल, तर सुक्याचा हट्ट सोडावा. कोल्हापुरी पद्धतीने आधी अळणी काढावी. हाडांसह तुकडे मीठ-हळद, आले-लसूण घालून पातेल्यात दीड-दोन तास किंवा कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर 20 ते 25 मिनिटे शिजवावेत. त्या पाण्याचा पांढरा रस्सा उत्तम होतो. जून पक्ष्याच्या छातीचा खिमा करावा. धागे आखूड कापले गेले की चावण्याचा प्रश्नच मिटतो.

ओव्हनमध्ये अख्खा भाजायचा असल्यास कोवळाच पक्षी निवडावा आणि कातडी ठेवूनच साफ करून घ्यावा. आपल्याकडे कातडी सोलून देण्याची पद्धत असल्याने हे आधी सांगावे लागते. फ्रान्स-इटलीत छातीवर चरबीचे काप पसरून भाजतात. घरी कातडीखाली लोणी किंवा तूप भरले तरी तेच काम होते. बाहेर काढल्यावर दहा मिनिटे थांबून मगच कापावा.

शिजला हे रंगावरून ठरवू नये. गिनी फाउलचे हाडाजवळचे मांस शिजल्यावरही लालसर दिसू शकते. सर्वांत जाड भागात तापमापक खुपसून 74 अंश सेल्सिअस दिसले, की कोणताही कोंबडीवर्गीय पक्षी खाण्यास सुरक्षित मानला जातो. स्वयंपाकाचा साधा तापमापक हा चोचला नाही. कच्चे राहण्याची भीती आणि त्या भीतीपोटी होणारा चोथा, दोन्ही तो टाळतो.

‘चिकनपेक्षा पौष्टिक’ हा दावा कितपत खरा?

अर्धाच. कातडीसह तुलना केली तर गिनी फाउलमधील चरबी निम्म्याहून कमी भरते, हे वर आलेच. पण महाराष्ट्रातील बहुतेक घरांत चिकन कातडी काढूनच खाल्ले जाते. त्याच तक्त्यांनुसार कातडीविना कच्च्या चिकनमध्ये 100 ग्रॅममागे चरबी सुमारे 3 ग्रॅम, तर गिनी फाउलमध्ये अडीच ग्रॅम. प्रथिने दोन्हींत 21 ग्रॅमच्या आसपास. एवढ्या फरकासाठी दुप्पट-तिप्पट वेळ चुलीसमोर उभे राहण्याचे कारण नाही. हा पक्षी चवीसाठी खावा, औषध म्हणून नाही.

खरेदी करताना काय पाहावे?

नावाचा घोळ टाळावा. ‘टिटारी’ आणि ‘तितर’ ही नावे कानाला सारखी वाटतात. पण तितर हा वन्य पक्षी आहे आणि त्याची शिकार 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. गिनी फाउल पाळीव आहे. कोणी ‘रानातला’ म्हणून पक्षी विकत असेल, तर तो घेऊ नये. आजारी किंवा मेलेला पक्षी स्वस्त मिळाला तरी नाकारावा. 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात बर्ड फ्लू आल्यापासून महाराष्ट्राला हा धोका नवा नाही. नीट शिजवलेल्या मांसातून तो पसरत नाही, पण आजारी पक्षी हाताळणे धोक्याचे असते. कच्चे मांस नळाच्या धारेखाली धुऊ नये. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर, भांड्यांवर पसरतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण ताटातली एकच जात वाढत गेली, तर परसातल्या बाकीच्या नाहीशा होतात. गिनी फाउल काटक आहे, त्याला महागडी शेड लागत नाही आणि बरेचसे खाद्य तो स्वतः वेचतो. परसबागेतील कुक्कुटपालन आपल्याकडे मोठ्या प्रमाणात महिलांच्या हाती आहे आणि कमी भांडवलात करता येणाऱ्या जोडधंद्याला असा पक्षी साजेसा आहे. पण शहरातला ग्राहक एकदा घेतो, चिकनसारखा शिजवतो, वातड लागला म्हणून पुन्हा फिरकत नाही. मग पाळणाऱ्यांना पक्षी विकत बसण्यापेक्षा चार ब्रॉयलर आणणे सोपे वाटू लागते.

ही साखळी सरकारी योजनेने तुटणार नाही. पिल्ले वाटता येतात, गिऱ्हाईक वाटता येत नाही. विकणाऱ्यांनी पक्ष्याचे वय सांगण्याची आणि घेणाऱ्यांनी ते विचारण्याची सवय लावली, तर निम्मे काम होईल. उरलेले निम्मे बारीक आचेवर सोडावे.