यंदा तरी जिंकणार का?

मंडळी, सकाळी पार्क मैदानाला फेऱ्या मारून झाल्या की आमचा कट्टा भरतो. सध्या वाद एकच : नातवाच्या कॉलेजचा फुटबॉल संघ यंदा काय दिवे लावणार? आमचे एक निवृत्त बँकवाले म्हणतात, "सर, फुटबॉल कोल्हापूरकरांनी खेळावा, आपण चादरी विणाव्यात."

मला हे साफ अमान्य! कोल्हापूरची पोरं लहानपणापासून तालमीच्या संघांमागे धावतात, शाहू स्टेडियमवर सामने बघत वाढतात. ते रक्तात नसतं हो, सवयीत असतं. २००४ पर्यंत आपली कॉलेजं शिवाजी विद्यापीठात होती, तेव्हा विद्यापीठाच्या संघात शिरायचं तर गाठ कोल्हापूरकरांशीच पडायची. आता आपलं विद्यापीठ होऊन वीस वर्षं उलटली. ती सबबही संपली.

नातू गोलकीपर. मागच्या वर्षी स्पर्धेच्या आठ दिवस आधी संघ जमवला, निम्मे गडी कबड्डीचे. पहिल्याच सामन्यात चार गोल खाल्ले. पोरगं त्या रात्री जेवलं नाही. असो.

यंदाही अजून सराव सुरू नाही. मग स्ट्रायकर कोण यावर काथ्याकूट कशाला? उद्या मी प्राचार्यांना भेटायला जाणार आहे. बँकवाल्यांनाही चला म्हटलं, तर त्यांचा गुडघा दुखतोय.