घर विकलें कां जात नाहीं?

पुण्याच्या जुन्या पेठांतून एखादें घर वर्षानुवर्षें विक्रीस पडून राहिलें कीं मालक प्रथम वास्तुशास्त्र्यास बोलावतो. द्वार दक्षिणाभिमुख निघतें. शांत होते, दलालहि बदलतो. गिऱ्हाईक मात्र येतें आणि जिना उतरून जातें. भाडेकरूंची अडचण असते, ती निराळी. पण आम्ही म्हणतों, दाराआधीं मिळकतपत्रिका पाहा. तीवर बहुधा मृत वडिलांचेंच नांव असतें. गिऱ्हाइकाचा वकील विचारतो, 'बहिणी किती?' आणि येथेंच मालकाची जीभ अडखळते. मृत्युपत्राविना वारलेल्या पित्याच्या स्वार्जित मिळकतींत १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस मुलाइतकाच वांटा दिला. २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जितांतहि तिचा हक्क जन्मसिद्ध केला. तरी भाऊबीजेस साडी घालून हक्कसोडपत्रावर सही मागण्याची रीत सुटत नाहीं. सही न देणारी बहीण हावरी ठरते. मग तिचा वांटा गिळून पुरी किंमत मागणाऱ्यास काय म्हणावें? आणि गिऱ्हाइकानें तरी लाखों रुपये मोजून कोर्टाचा दावा कां विकत घ्यावा? मालकांनीं बहिणीचें नांव पत्रिकेवर चढवावें, खरेदीखतांत तिलाहि विकणार म्हणून घ्यावें, आणि तिच्या हिश्श्याचा धनादेश तिच्याच नांवें निघूं द्यावा.