लग्न नव्हतं, पण मूल तर आहे!

नवरा-बायकोचं पटेनासं झालं, की मूल कुणाकडे राहणार हा प्रश्न निदान घटस्फोटाच्या अर्जात तरी विचारला जातो. पण ज्यांनी लग्नच केलं नव्हतं, त्यांनी घटस्फोट तो कशाचा मागायचा? कपडे बॅगेत भरले, गॅसचं पुस्तक कुणाकडे आणि घराचं डिपॉझिट कुणाचं एवढं ठरलं, की संपलं. मग लक्षात येतं, दाराशी चार वर्षांचं पोर उभं आहे आणि त्याच्याबद्दल भाडेकरारात एक ओळही नाही.

अशा वेळी नातेवाइकांकडून दोन तऱ्हेचे सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, ‘लग्नच नाही, तर हक्क कसला?’ दुसरा म्हणतो, ‘दाखल्यावर बापाचं नाव आहे ना, मग मूल बापाचंच.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

हिंदूंसाठी (यात कायद्याने बौद्ध, जैन आणि शीखही आले) १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम आहे. ‘अज्ञान’ या शब्दाला हसू नका. कायद्याच्या मराठीत १८ वर्षांखालच्या मुलाला तेच म्हणतात, मग ते आईबापांपेक्षा कितीही शहाणं असो! या कायद्याचं सहावं कलम सांगतं, की लग्नसंबंधातल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि त्याच्यानंतर आई. मात्र पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईच्या ताब्यात असावं. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत हाच क्रम उलटा होतो. आधी आई, तिच्यानंतर बाप. म्हणजे मंगळसूत्र नसलेल्या आईला जो पहिला मान आपोआप मिळतो, तो मंगळसूत्रवालीला मिळत नाही. यात कायदा करणाऱ्यांचा स्त्रीविषयीचा फार मोठा आदर होता, असं मला वाटत नाही. अशा मुलाला बाप नाकारणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं, इतकंच.

विवाहित आईचं ते ‘नंतर’ किती जाचक होतं, हे लेखिका गीता हरिहरन यांनी न्यायालयापुढे आणलं. मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला त्यांनी पालक म्हणून सही केली, तर बापाची सही मागण्यात आली. ‘बापानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष घालत नसेल किंवा दोघांच्या संमतीने मुलाचं सगळं आईच बघत असेल तरीही आई पालक ठरते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लावला.

अविवाहित आईचा मान मात्र कागदावर असूनही कचेरीच्या खिडकीवर चालत नव्हता. दिल्लीतल्या एका ख्रिस्ती आईची गोष्ट यासाठीच मुद्दाम सांगावीशी वाटते. शिकलेली, नोकरी करणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई. तिला २०१०मध्ये मुलगा झाला आणि तिने तो एकटीने वाढवला. विम्यात आणि बचतीत त्याचं नाव वारस म्हणून लावायला गेली, तर उत्तर मिळालं, ‘बापाचं नाव द्या, नाहीतर न्यायालयातून पालकत्वाचा दाखला आणा.’ तिने १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज केला. तिथे नवीनच अडचण उभी राहिली. या कायद्यात आईवडिलांना नोटीस द्यावी लागते. ज्या माणसाने मुलाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचं नाव उघड करायची तिची तयारी नव्हती. खालच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला, उच्च न्यायालयानेही २०११ साली तिला परत पाठवलं.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१५मध्ये निवाडा दिला. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आईला अशा बापाला नोटीस देण्याची सक्ती नाही. शिवाय अविवाहित आईने जन्मदाखला मागितला, तर तिच्या प्रतिज्ञापत्रावर तो द्यावा. या खटल्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आपला बाप कोण, हे जाणून घेण्याचा मुलाचाही हक्क आहे, हे न्यायमूर्तींनी आईला समजावून सांगितलं. तिने नाव लिहून दिलं आणि ते पाकीट मोहोरबंद करून ठेवण्यात आलं. न्यायालयाच्या आदेशाशिवाय ते उघडायचं नाही. आईचा मान राखला आणि मुलाचीही वाट बंद केली नाही.

‘ही सगळी नव्या जमान्याची थेरं’ असं कुणी म्हणेल, तर त्यांना मुंबईचं जुनं प्रकरण सांगायला हवं. गोहर बेगम या अविवाहित गायिकेची लहानगी मुलगी नात्यातल्या एका बाईने स्वतःकडे ठेवून घेतली होती आणि ती परत देत नव्हती. बाप वेगळ्या धर्माचा, पण ‘मुलगी माझीच आहे’ असं त्याने प्रतिज्ञापत्रावर सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने आईला दाद दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली मुलगी आईच्या हवाली करायला लावली. मुस्लिम कायद्यानुसारही अशा मुलीच्या ताब्याचा हक्क आईचाच, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

पण आयांनो, पहिला हक्क म्हणजे कायमचा परवाना नव्हे. त्याच १९५६च्या कायद्याचं तेरावं कलम सांगतं, की मुलाचं हित सर्वांत वरचं. त्यापुढे आईचाही हक्क मागे पडतो आणि बापाचाही. तेव्हा जो बाप मुलाला अंघोळ घालत होता, पालकसभेला जात होता, त्याने केवळ लग्न नव्हतं म्हणून हात टेकू नयेत. तो कौटुंबिक न्यायालयात ताब्यासाठी किंवा निदान मुलाला नियमित भेटण्यासाठी अर्ज करू शकतो. मुलाचं वय, पालकाची वागणूक आणि कुवत, आणि मूल समजतं असेल तर त्याची स्वतःची इच्छा, हे सारं न्यायालय पाहतं. बाप असल्याचा पुरावा मात्र त्याला द्यावा लागतो. जन्मदाखल्यावरचं नाव, शाळेचे कागद, दवाखान्याची बिलं अशा वेळी कामी येतात.

दोन ठिकाणी पाय घसरतो. दोघं बरीच वर्षं नवरा-बायको म्हणूनच राहिली असतील, तर न्यायालय त्यांचं लग्न झालं होतं असं गृहीत धरू शकतं. असं गृहीत धरलं, की मूल औरस ठरतं आणि पालकत्वाच्या क्रमात बाप पुन्हा पुढे येतो. पोटगीसाठी हा मुद्दा मांडताना त्याची दुसरी बाजू वकिलाला जरूर विचारावी. दुसरी गोष्ट याहून बिकट आहे. बाई नवऱ्यापासून वेगळी राहते, पण घटस्फोट झालेला नाही आणि मूल दुसऱ्या जोडीदारापासून झालं आहे. इथे कायदा नवऱ्यालाच बाप मानतो. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे सिद्ध झालं तरच हे गृहीतक ढासळतं.

मूल कुणी परस्पर उचलून नेलं, तर लोक आधी पोलीस चौकीत धावतात. तिथे बहुधा ‘कोर्टात जा’ असं ऐकावं लागतं. याचं कारण दर वेळी बेफिकिरीच असते असं नाही. अपहरणाच्या कलमातच एक अपवाद आहे. आपण लग्नाबाहेरच्या मुलाचे बाप आहोत असं प्रामाणिकपणे मानणाऱ्याला हे कलम लागू होत नाही. मात्र त्याचा हेतू अनैतिक किंवा बेकायदा नसावा. अशा वेळी खरी दाद मिळते ती कौटुंबिक न्यायालयात, नाहीतर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसच्या अर्जावर. घरात मारहाण झाली असेल, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात. विवाहासारख्या नात्यात राहिलेल्या स्त्रीलाही हा कायदा लागू आहे.

पैशांच्या बाबतीत कायदा सरळ आहे. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १२५ असो, की १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, मूल औरस की अनौरस हा प्रश्नच तिथे नाही. ऐपत असलेल्या बापाने मुलाचा खर्च द्यायचा. ‘भेटू देत नाही, मग पैसे देत नाही’ आणि ‘पैसे देत नाही, मग भेटू देत नाही’ ही भांडणाची भाषा झाली, कायद्याची नव्हे. भेट आणि पोटगी या दोन्ही गोष्टी मुलाच्याच आहेत.

उत्तराखंडात जानेवारी २०२५मध्ये लागू झालेल्या समान नागरी संहितेने अशा सहजीवनाची नोंदणी सक्तीची केली आणि त्यातून जन्मलेलं मूल औरस ठरवलं. नोंदणीच्या सक्तीबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही; घरातल्या गोष्टी सरकारी वहीत कशाला? पण मुलाच्या कपाळावरचा ‘अनौरस’ हा शिक्का गेला, ते बरंच झालं.

ज्यांचं एकमेकांशी बोलणं अजून सुरू आहे, त्यांनी मूल कुठे राहील, सुट्ट्या कशा वाटायच्या, फी कोण भरणार हे लिहून काढावं आणि त्यावर न्यायालयाचा आदेश घ्यावा. नुसत्या स्टॅम्पपेपरवरचा करार न्यायालयाला बांधत नाही. ज्यांचं बोलणं संपलं आहे, त्यांनी अर्ज कुठे करायचा हे नीट पाहावं. पालकत्वाचा अर्ज मूल एरवी जिथे राहतं, त्या ठिकाणच्या न्यायालयात चालतो. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला गावी नेलं आणि तिथूनच अर्ज ठोकला, म्हणजे डाव जिंकला, असं होत नाही.