संत्र्याच्या दुसऱ्या मुलुखात एक वर्ष

परदेशी जावे ते विद्येसाठी, नाही तर कायमच्या चाकरीसाठी, आणि या दोहोंपैकी काहीच साधत नसेल तर सहल कंपनीच्या टोप्या घालून पंधरवड्यापुरते, अशी आपल्या मध्यमवर्गाची त्रिविध समजूत इतकी दृढ झालेली आहे की, चौथा मार्ग दोन सरकारांच्या करारानेच खुला झाला असताही त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे पुष्कळांना उमगत नाही. भारत व ऑस्ट्रेलिया यांच्यात २ एप्रिल २०२२ रोजी सह्या होऊन त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरपासून अमलात आलेल्या व्यापारी करारान्वये दरसाल एक हजार भारतीय तरुणांना बारा महिने त्या देशात हिंडण्याचा, आणि हिंडता हिंडता काम करून पोट भरण्याचा परवाना मिळू शकतो. अर्जदाराचे वय अठरा ते तीस असावे, शालेय शिक्षणानंतर किमान दोन वर्षे तो शिकलेला असावा, कामापुरती इंग्रजी त्यास यावी, परतीच्या भाड्याखेरीज सुमारे पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलर त्याच्या खाती असावेत, आणि एका मालकाकडे सामान्यतः सहा महिन्यांहून अधिक काळ त्याने राहू नये, अशा त्याच्या ठळक अटी आहेत. इंग्लंडचाही याच धर्तीचा एक परवाना आहे; तो तीन हजार पदवीधरांना दोन वर्षांसाठी मिळतो. परंतु त्याचा ओढा शहरी नोकरीकडे अधिक असल्यामुळे येथे त्याचा नुसता उल्लेख पुरे.

ऑस्ट्रेलियाचा परवाना सोडतीने मिळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्या सोडतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांतच चाळीस हजारांच्या घरात नावे नोंदली गेल्याचे त्या देशाच्या मंत्र्यांनी सांगितले. चिठ्ठी यंत्र काढते. तेथे वशिला चालत नाही, आणि म्हणूनच नागपुरात सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंत जो कोणी दलाल ‘नंबर लावून देतो’ म्हणेल त्याला वाटेला लावणे हे नियोजनाचे पहिले कलम होय. नोंदणीची फी पंचवीस डॉलर, ती परत मिळत नाही. नाव निघाल्यावर पुरा अर्ज करण्यास मुदत मात्र अवघी अठ्ठावीस दिवसांची. आता आपल्या लोकांची एक जुनी खोड अशी की, पारपत्रावर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडलेले, पॅन कार्डावर ते मधोमध, आणि विद्यापीठाच्या पदवीपत्रावर आडनाव आधी. नोंदणीस पारपत्राबरोबर पॅन कार्डही लागते आणि दोहोंवरील नाव जुळावे लागते. हे दुरुस्तीचे काम चिठ्ठी निघाल्यावर नव्हे, नोंदणीच्या आधी सहा महिने उरकलेले बरे.

इतकी दगदग करून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनात हेतू कोणता असतो? एकदा पाय टेकला म्हणजे पुढचे पुढे पाहू, हा. मला हा हेतू अनैतिक वाटत नाही. तो करंटा वाटतो. ज्या परवान्याने वर्षभर कोणत्याही गावी, कोणत्याही धंद्यात शिरून बाहेर पडण्याची मोकळीक दिली, ते वर्ष मेलबर्नच्या उपनगरात चार देशबांधवांबरोबर एका खोलीत, रात्री गोदामात खोकी रचीत आणि दिवसा कायम वास्तव्याच्या गुणांचे हिशेब करीत काढणे म्हणजे हाती आलेली मोकळीक आपल्याच हाताने परत करणे आहे. तेथे महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो, पुरणपोळीही मिळते. पण ती नागपूरच्या महालातही मिळते.

मुशाफिरी आणि मिळकत यांची सांगड आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यासह उत्तर हिंदुस्थानात निघाले ते तीर्थाटनाच्या आधी घरचे कर्ज फेडावयास. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरघोस मिळणार, ही वार्ता त्यांच्या कानी आली होती. वाटेत बंड पेटले, ते झाशीच्या वेढ्यात सापडले, मिळविलेले द्रव्य लुटले गेले, आणि अर्थार्जनाचा बेत सपशेल फसला. तरीही चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आपण आज वाचतो, कारण भटजी पोटासाठी फिरत होते, आणि पोटासाठी फिरणाऱ्याला यजमान, बाजारभाव, अन्नछत्र आणि माणसांचे स्वभाव यांकडे बारकाईने पाहावेच लागते.

नागपूरच्या तरुणाला तर जाण्यासारखी जागा तेथे जणू राखूनच ठेवलेली आहे. मरे नदीच्या काठी मिल्ड्यूरा नावाचे गाव आहे. जॉर्ज व विल्यम चॅफी या कॅनेडियन बंधूंनी कॅलिफोर्नियातून येऊन १८८७ साली तेथे पाट काढले आणि रखरखीत माळावर द्राक्षे व संत्री पिकविली. न्यू साउथ वेल्समधील ग्रिफिथ हे दुसरे. त्याचा नकाशा कॅनबेराच्याच वास्तुविशारदाने, वॉल्टर बर्ली ग्रिफिनने, आखलेला. हा गृहस्थ पुढे कामानिमित्त आपल्या देशात आला आणि १९३७ साली लखनौस वारला. या दोन्ही गावांत, आपल्याकडे मृगाच्या सरी सुरू होतात त्या सुमारास, हिवाळी नेव्हल संत्र्याची तोड चालते. काटोल-नरखेडच्या वा वरूड-मोर्शीच्या घरात वाढलेल्या मुलाला आंबिया आणि मृग हे दोन बहार बोलण्यातून ठाऊक असतात. परंतु खांद्याला पिशवी अडकवून शिडीवर चढणे आणि उतरून ती भल्या मोठ्या खोक्यात रिती करणे हे काम घरच्या बागेत त्याने केलेले नसते, ते गड्याचे म्हणून. तिकडे तो ते करील, कारण तिकडे त्याला पाहावयास शेजारी नाहीत. हे बोलणे बोचरे आहे खरे.

बेत मात्र त्या कामाचा धर्म जाणून करावा. दवाने ओले असलेले फळ तोडले तर सालीतील तेल फुटून डाग पडतो, म्हणून ऊन चढेपर्यंत मजूर बसून असतात. पावसाच्या दिवशी तोडच नसते. सबब, ते पाच हजार डॉलर, म्हणजे आपले सुमारे तीन लाख रुपये, दाखविण्यापुरते मामाकडून उसने आणलेले असू नयेत. पहिल्या सहा-आठ आठवड्यांचे घरभाडे, अनामत, जाड बूट आणि मोटारीतील वाटा त्यातूनच निघावयाचा असतो. नगावर मजुरी देणाऱ्या बागाईतदारालाही तासाच्या किमान दराखाली जाता येऊ नये, असा नियम तेथे २८ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, आणि सर्वसाधारण किमान दर १ जुलै २०२५ रोजी तासास २४ डॉलर ९५ सेंट इतका झाला. हंगामी मजुरास त्यावर शेकडा पंचवीस अधिक. वेतनाची चिठ्ठी मागावी, पारपत्र कोणाच्याही हवाली करू नये, आणि तक्रार असल्यास फेअर वर्क ऑम्बुड्समन या सरकारी कार्यालयाच्या दप्तरी ती गुदरावी. मालकाने निवृत्तिनिधीत भरलेली रक्कम देश सोडताना मागता येते, पण तीतून शेकडा पासष्ट कर कापला जातो. ती जमेस धरून घरी बेत कळवू नयेत. खेड्यात असे तीन महिने काम केले की दुसऱ्या वर्षाचा परवाना सोडतीवाचून मागता येतो, ही त्यातली गोड बाजू. तोड संपली की दोन महिने नुसते भटकावे; त्या भटकंतीचा खर्च स्वतःच्या हाताने मिळविलेला असल्याने तीत कोणाचे उपकार नाहीत.

घरच्यांची समजूत घालणे हे सर्वांत कठीण. ‘मुलगा ऑस्ट्रेलियात असतो’ एवढ्या वाक्याने स्थळांची रांग लागते, ‘काय करतो?’ या प्रश्नाला ‘संत्री तोडतो’ असे उत्तर आले की चहा निवतो. ज्या शहराने आपले नावच संत्र्यावरून मिरविले, आणि जेथे लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्याच शहरात ही गत असावी याचा विचार आईबापांनी स्वस्थपणे करावा. मुलगा परतल्यावर त्याला नोकरी कोणती लागणार, हे विचारण्याआधी दुसरेही काही विचारता येईल. बागेचा ठोक सौदा झाल्यावर काटोलच्या तोडणाऱ्याला नगावर काय मिळते, पावसाने तोड थांबली त्या दिवशी काय मिळते, आणि ते कोणत्या कागदावर लिहिलेले असते, याची तुलना करू शकणारा माणूस आजवर आपल्या दिवाणखान्यात बसलेला नव्हता. तो बसेल तेव्हा कळमन्याच्या बाजारातील बागवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनीही त्याला अर्धा तास द्यावा.