आधी छत्री, मग कार्ड

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी साडेसहाशे रुपये पाण्यात घातले. तक्रार दुकानदाराबद्दल थोडी आहे आणि स्वतःबद्दल जास्त. कम्युनिकेशनचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटलेल्या मुलीने खोक्यावरचं चित्र बघून टीव्ही ट्यूनर कार्ड विकत घ्यावं, हे जरा लाजिरवाणंच! (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, सांभाळून घ्या. चूक मात्र मराठीतूनच कबूल करतेय.)

झालं असं, की घरी मेहकरला बाबांचा जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता. डोक्यात आलं, ह्याचाच होम थिएटर पीसी करू. म्हणजे फोटो, गाणी, सिनेमे एका जागी, टीव्हीही त्यातच, आणि मुख्य म्हणजे रेकॉर्डिंग. संध्याकाळी सह्याद्रीवर बातम्या लागतात तेव्हा आजी देवळात हरिपाठाला बसलेली असते. घरी येते तोवर बातम्या संपलेल्या, मग जेवताना ती आम्हालाच विचारत बसते. म्हटलं, आजीसाठी रोज रेकॉर्ड करून ठेवू.

दुकानदार म्हणाला, "ताई, सगळे चॅनल येतात बघा, केबल लावा की झालं." मी घरी येऊन कार्ड लावलं, ड्रायव्हरशी दोन तास झटापट केली, केबल जोडली, स्कॅन सुरू केलं. पडद्यावर मुंग्या! शून्य चॅनल. आजी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "काऊन वं माय, हे तर आपल्या जुन्या टीव्हीसारखंच दिसून राह्यलं, अँटेना पडल्यावर दिसे तसं."

आजीचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. कार्ड बिघडलेलं नव्हतंच, ते ज्या सिग्नलसाठी बनवलं तो सिग्नल आता आपल्या गावात येत नाही. ते होतं ॲनालॉग कार्ड, पॅल सिस्टीमचं. आपल्या सीनियर्सच्या सीनियर्सनी होस्टेलच्या खोलीत मॅच बघितल्या त्या ह्याच जातीच्या कार्डांवर, नाहीतर मॉनिटरला जोडायच्या ट्यूनर बॉक्सवर. भिंतीतून आलेली केबलची वायर सरळ मागे खुपसायची आणि ट्यून करायचं. पुढे सरकारने केबल डिजिटल करायला घेतली. मुंबईसारख्या महानगरांपासून २०१२ मध्ये सुरुवात झाली, आणि शेवटच्या टप्प्याची, म्हणजे खेड्यापाड्यांची, मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. अँटेनावरचं ॲनालॉग दूरदर्शनही गेलं. मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक प्रक्षेपक सोडून बाकीचे मार्च २०२२ पर्यंत बंद करणार, असं प्रसार भारतीने २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. आणि तरी ही कार्डं दुकानात आहेत, ऑनलाइनही मिळतात. खोक्यावर क्रिकेटचा फोटो, आत म्युझियमचा माल.

म्हणून माझं मत असं, की कार्ड निवडताना सगळे जिथून सुरुवात करतात ती जागाच चुकीची आहे. आपण आधी कंपनी बघतो, रिमोट आहे का बघतो, किंमत बघतो. बघायला हवं ते हे, की माझ्या गच्चीवर कोणता सिग्नल उतरतो आणि त्यातला कोणता कुलूप न लावता येतो? ह्या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईत वेगळं असेल, अमेरिकेत तर फारच वेगळं. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले तिकडचे असतात आणि आपण ते इकडे वापरतो.

बुलडाणा जिल्ह्यापुरतं सांगते. अँटेनावर येणारं डिजिटल टीव्ही, म्हणजे डीव्हीबी-टी२, दूरदर्शनने २०१६ मध्ये निवडक शहरांत सुरू केलं. त्यात आपल्याला त्यातल्या त्यात जवळचं औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर). तिथला सिग्नल घाटावर पोचत नाही, घाटाखाली तर नावच नको. तेव्हा टी किंवा टी२ लिहिलेलं कार्ड बाद. एक गंमत मात्र सांगायला हवी. आरटीएल२८३२यू चिप असलेला स्वस्तातला डीव्हीबी-टी डोंगल टीव्हीसाठी आपल्याकडे कुचकामी आहे, पण त्यावर सॉफ्टवेअर रेडिओ सुंदर चालतो. एफएम ऐका, वरून जाणाऱ्या विमानांचे १०९० मेगाहर्ट्झचे सिग्नल पकडा. मिनी प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. टीव्हीसाठी घेऊ नये एवढंच.

केबल आणि पैसे भरायच्या डीटीएचची गोष्ट आणखी वेगळी. तिथे सिग्नल येतो, कार्ड तो पकडूही शकतं, पण तो स्क्रॅम्बल केलेला असतो आणि किल्ली कंपनीच्या बॉक्समध्ये. मला खरा राग येतो तो इथे. महिन्याचे पैसे मी भरायचे, कार्यक्रम माझ्या घरात, आणि तो माझ्या कॉम्प्युटरवर बघायचा तर परवानगी नाही! तांत्रिक अडचण म्हणाल तर ती सुटलेली आहे. कॉमन इंटरफेस नावाची खाच असलेली कार्डं मिळतात, तिच्यात कंपनीचं मोड्यूल घातलं की कुलूप उघडतं, फक्त कंपनीने ते मोड्यूल द्यायला हवं. सेट टॉप बॉक्स एका कंपनीचा दुसऱ्याला चालावा ही अट डीटीएचच्या परवान्यात होतीच. ट्रायनेही एप्रिल २०२० मध्ये तशी शिफारस केली आणि त्यासाठी यूएसबीवरच्या कॉमन इंटरफेसचा मार्ग सुचवला. आमच्या घरातला बॉक्स मात्र दुसऱ्या कंपनीचं कार्ड घातलं तर आजही ओळख दाखवत नाही. मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, मग घरचा डबा का बदलता येऊ नये?

मग उरलं काय? उरली दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आता जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्व. महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री त्यात आहे, आणि उघड्या चॅनलना किल्लीची भानगड नाही. बुलडाण्यातून हा उपग्रह आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर दिसतो. हे गणित मी स्वतः करून पाहिलं. (वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेयेला स्वयंपाकघर हवं म्हणतात, आमच्याकडे तिथे छत्री आहे.) इतका वर असल्यामुळे शेजारच्या दुमजली घराची सहसा आडकाठी होत नाही, साठ सेंटिमीटरची छत्री पुरते.

तेव्हा आपल्याकडे होम थिएटर पीसीला लागणारं कार्ड एकच, डीव्हीबी-एस२. नुसतं एस लिहिलेलं जुनं कार्ड स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. एस२ कार्ड जुनं एस पण घेतं, उलटं होत नाही. दुसरं, मदरबोर्ड उघडून स्लॉट बघा. जुनी कार्डं पीसीआयची असतात आणि आताच्या बहुतेक बोर्डांवर तो स्लॉटच नाही, पीसीआय एक्सप्रेस लागतं. तिसरं, लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते आधीच शोधा, कारण विंडोजचं मीडिया सेंटर विंडोज १० पासून गेलं. आता सोय आहे ती टीव्हीहेडएंड आणि कोडी ह्या फुकट सॉफ्टवेअरची.

डिजिटल कार्डाचा खरा फायदा खोक्यावर कोणी लिहीत नाही. ॲनालॉग कार्ड चित्राचे ७२० बाय ५७६ ठिपके सेकंदाला पंचवीस वेळा कॉम्प्युटरपुढे ओतायचं. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर सेकंदाला जवळजवळ २१ एमबी, तासाला ७५ जीबी! ते दाबून लहान करण्यात बिचारा प्रोसेसर घामाघूम व्हायचा. डिजिटलमध्ये उपग्रहाकडून चित्र दाबूनच येतं. कार्डाने फक्त ते उचलून डिस्कवर ठेवायचं. चॅनल २ मेगाबिटचं धरलं तर तासाला ९०० एमबी. म्हणून बाबांचा जुना डेस्कटॉपसुद्धा आरामात पुरतो. शिवाय एका ट्रान्सपाँडरवर अनेक चॅनल एकत्र येतात, त्यामुळे एकच ट्यूनर त्या सगळ्या चॅनलचं रेकॉर्डिंग एकाच वेळी करू शकतो. दोन ट्यूनरचं महागडं कार्ड घ्यायच्या आधी हे लक्षात ठेवा.

आता मैत्रिणी म्हणतात तेही ऐकू. "अगं, सगळं मोबाईलवर असतं, छत्री कोण लावतं?" खरं आहे. आणि फक्त आजीच्या बातम्यांचा प्रश्न असेल तर मी स्वतःच सांगेन की कार्ड घेऊ नका, पेन ड्राइव्हवर रेकॉर्ड करणारा फ्री डिशचा बॉक्स आणा. चांगल्या एस२ कार्डाच्या किमतीत असे कितीतरी बॉक्स येतील. आमच्याकडे शेवटी तेच केलं. आजी आता देवळातून येऊन बातम्या बघते आणि मधल्या जाहिराती पुढे पळवते. हे तिला कोणी शिवकलेलं नाही, तिची ती शिकली.

पण घर वेगळं आणि होस्टेल वेगळं. त्याच जीसॅट-१५ वरून २०१७ पासून स्वयंप्रभाची शैक्षणिक चॅनल येतात, त्यात आयआयटीच्या प्राध्यापकांची इंजिनिअरिंगची लेक्चर्सही असतात. दिवसाला चार तास नवीन आणि तेच पुढे पाच वेळा पुन्हा. लाइट गेली म्हणून एक वेळ हुकलं तरी दुसरी असतेच. हीच लेक्चर्स नेटवर आहेत, मान्य. पण परीक्षेच्या आधीच्या रात्री होस्टेलमध्ये शंभर मुली एकदम व्हिडिओ लावतात तेव्हा चाक फिरताना बघत बसायचं, हा अनुभव तुम्हालाही असेलच. गच्चीवर एक छत्री, एका कोपऱ्यात एक जुना पीसी, त्यात एक कार्ड, आणि होस्टेलच्या आतल्या नेटवर्कवर सगळ्यांना लेक्चर. बाहेरच्या इंटरनेटचा एक थेंबही खर्च नाही. एका घराला महाग पडणारं कार्ड शंभर जणींत वाटलं तर एका वडापावाच्या आसपास येतं.

आणि ते साडेसहाशे रुपये? ते अगदीच वाया गेले नाहीत. त्या कार्डाला मागे पिवळी पिन आहे. फोटोवाल्या काकांकडून व्हीसीआर मागून आणला आणि आईबाबांच्या लग्नाची कॅसेट त्यातून कॉम्प्युटरवर उतरवली. मधे एक जागी टेप खराब आहे, नेमकी सप्तपदीची चार पावलं गेली. बाबा म्हणतात, बरं झालं, तेवढी वचनं माफ.

होस्टेलच्या गच्चीची किल्ली मिळावी म्हणून आम्ही सहा जणींनी अर्ज दिला आहे. त्यात छत्रीचं माप, दिशा, ५९ अंश, सगळं आकृतीसकट लिहिलंय. आठवडा झाला, अजून उत्तर आलेलं नाही.