विस्मरणाची ९३ वर्षे

‘स्त्रीपुरुष तुलना’, लेखिका ताराबाई शिंदे, वर्ष १८८२. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला हे मुखोद्गत असते. परंतु ते पुस्तक उघडून वाचलेले किती? स्त्रीप्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, मग ते कोणत्याही विचारधारेचे असोत, हा प्रश्न प्रथम स्वतःलाच विचारला पाहिजे.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला स्वतःच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली; पुढे अपिलात ती सौम्य झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्याच्या ताराबाईंनी तिला पुस्तकाने उत्तर दिले. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? पुनर्विवाहाची वाट अडविणारा समाज विधवेचा न्यायाधीश कसा होतो? हे त्यांचे रोकडे सवाल होते. पुस्तकावर टीका झाली. १८८५ मध्ये महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची पाठराखण केली. पण त्यांचे दुसरे पुस्तक आले नाही आणि पहिलेही विस्मृतीत गेले. डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, ते १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात.

मधल्या ९३ वर्षांत महाराष्ट्र स्वस्थ बसला नव्हता. १८९१ चा संमतिवयाचा वाद झाला, १८९६ मध्ये महर्षी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. पिढ्यांमागून पिढ्या त्याच प्रश्नाशी झुंजल्या. पण बहुतेकांच्या हाती हे पुस्तक नव्हते. कारण उघड आहे. संस्था आपल्या संस्थापकाची जयंती साजरी करते, तसबीर लावते. ताराबाईंमागे ना संस्था होती, ना शिष्यपरिवार. ज्या ग्रंथाला वारस नाही, त्याचे पुनर्मुद्रण कोण करणार?

या विस्मरणातून दोन गैरसमज जन्मले. एक आपल्याकडचा : स्त्रीमुक्तीचा विचार म्हणजे पाश्चात्त्यांकडून आलेला माल. दुसरा समोरच्या गोटातला : खरी सुरुवात झाली ती १९७५ च्या सुमारास, आमच्यापासून. बुलढाण्यासारख्या गावी, अस्सल घरगुती मराठीत लिहिलेले हे पुस्तक दोन्ही समजांना खोटे ठरविते.

मात्र एवढ्याने सुखावून जाऊ नये. ताराबाईंना आपल्या सोयीपुरते स्मरणे हेही विस्मरणच होय. त्यांनी देवादिकांच्या कथांना सोडले नाही, शास्त्रकारांना सोडले नाही. सभेत भाषणे ठोकून घरी स्वस्थ बसणाऱ्या सुधारकांनाही सोडले नाही. पतीला देव मानावे, असे सांगणाऱ्यांना त्यांनी बजावले की, मग पतीनेही देवासारखे वागावे. हा वार आपल्या माजघरापर्यंत पोहोचतो. ‘मातृशक्ती’चा गौरव व्यासपीठावरून करताना घरातील निर्णयांत तिचा वाटा किती, हे विचारणारी ताराबाई आपल्याला चालणार आहे काय?

पूर्वसुरींचे ऋण हारांनी फिटत नाही, वाचनाने फिटते. येत्या अभ्यासवर्गात या पुस्तकाचे एखादे प्रकरण नव्हे, सबंध पुस्तक वाचावे. घरी आईने ते मुलीबरोबर वाचावेच. पण मुलाच्या हातीही आवर्जून द्यावे, कारण ते मुळात पुरुषांना उद्देशून विचारलेले प्रश्न आहेत. जी पाने बोचतील, ती गाळू नयेत. पुढच्या पिढीला पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.